‘एमएस? कुठल्या युनिव्हर्सिटीतून?’

(हा आजच्या एपिसोडचा मजकूर. शेंद्रा एमआयडीसीत कंपन्यांच्या मेडिकल सेंटरमधल्या सिस्टर, फिजिओ आणि आसपासचे जनरल प्रॅक्टिशनर यांच्यासाठी एक छोटं प्रशिक्षण होतं. तिथे मी पेशंट म्हणून बोलले. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज फार आहे, म्हणून वाचायला इथे देतेय. बोलण्यातले थोडे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढलेत, बाकी तसंच.)



सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक झाले आणि इथेच शेंद्र्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. वय अठ्ठावीस. आणि मला एमएस आहे.

आमच्या इंजिनिअर लोकांत हे वाक्य बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला. “अरे वा! कुठल्या युनिव्हर्सिटीतून?” एका मावशीने तर पेढे मागितले होते, पोरगी अमेरिकेला चालली म्हणून. मला हसू आलं, पण घरी येऊन रडूही आलं. कारण माझं एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आणि ते मला आहे हे कळायला दोन वर्षं लागली.

त्या दोन वर्षांत मी काही घरी बसून नव्हते. दवाखाने केले, फी भरली, इंजेक्शनं घेतली. मग वेळ का लागला? आज मी फक्त त्यावर बोलणार आहे. कुणाची तक्रार करायला आले नाही. बग कुठे होता ते दाखवायला आलेय.

पहिला प्रसंग. मी चोवीस वर्षांची. सकाळी उठले तर डावा डोळा दुखत होता. नुसता नाही, इकडेतिकडे फिरवला की दुखायचा. दोन दिवसांनी त्या डोळ्यासमोर धुकं आलं. आणि एक विचित्र गोष्ट, आईची लाल साडी उजव्या डोळ्याने लाल दिसायची आणि डाव्याने धुऊन विटल्यासारखी. चष्म्याच्या दुकानात गेले, नंबर बदलून मिळाला. एका ठिकाणी सांगितलं, स्क्रीन कमी बघा, थेंब टाका. पाच आठवड्यांत डोळा जवळजवळ पहिल्यासारखा झाला. सगळे खूश. मीही खूश.

दुसरा प्रसंग, आठ महिन्यांनी. उजव्या पायाला मुंग्या. दोन-तीन दिवसांत बधिरपणा कमरेपर्यंत चढला. पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळून बांधलाय असं वाटायचं. मी शाकाहारी, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, इंजेक्शनं सुरू. महिन्याभरात बरं वाटलं. श्रेय इंजेक्शनाला.

बी-ट्वेल्व्ह तपासलं यात काहीच चूक नव्हती. आपल्याकडे ते कमी असतंच आणि त्यानेही मुंग्या येतात. अडचण वेगळी होती. डोळ्याचं ज्यांनी बघितलं त्यांना पाय माहीत नव्हता, आणि पायाचं ज्यांनी बघितलं त्यांनी डोळ्याबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला कुठे माहीत की डोळ्याचा आणि पायाचा संबंध असतो?

आमच्या कामात याला इंटरमिटंट बग म्हणतात. येतो, जातो. तुम्ही बघायला जाता तेव्हा सगळं नीट चालतं. मग टेस्टर लिहितो, ‘पुन्हा आढळला नाही’ आणि तिकीट बंद. माझी दोन तिकिटं अशी बंद झाली. दोन्ही तिकिटं एकाच बगची होती, हे कुणी जोडून बघितलं नाही.

आता हा बग काय ते थोडक्यात. आपल्या मज्जातंतूंवर मायेलिन नावाचं आवरण असतं, वायरवरच्या इन्सुलेशनसारखं. ते असलं की जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास पळतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून सेकंदाला मीटर-दोन मीटर. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. मेंदू, पाठीचा मणका आणि डोळ्याची नस, या तीन ठिकाणी. जिथे हल्ला, तिथलं काम बिघडतं. डोळ्याच्या नसेवर झाला की दृष्टी, मज्जारज्जूवर झाला की पाय, लघवी, पोटाभोवतीचा पट्टा. मग सूज उतरते, थोडी दुरुस्ती होते, पेशंटला बरं वाटतं. पण प्रत्येक वेळी सगळंच भरून येत नाही. व्रण राहतो. ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे तेच, घट्ट झालेले व्रण. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी 1868 मध्ये हा आजार नीट मांडला, म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली.

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली तेव्हा आठवड्याभरात सगळ्या महाराष्ट्राला ‘गियान बारे’ म्हणता यायला लागलं. तोही प्रतिकारशक्तीच्या चुकीचाच आजार, पण तो मेंदू आणि मणक्याच्या बाहेरच्या नसांचा. दिवसांत वाढतो, भीती वाटते, बातमी होते. एमएस वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. त्याची बातमी होत नाही.

आता तिसरा प्रसंग, आणि तो इथलाच आहे. चैत्रात शेंद्र्याला मांगीरबाबाची जत्रा असते हे तुम्हाला सांगायला नको. एप्रिलचं ऊन, जालना रोडवर गर्दी, गाडी लांब लावून आम्ही चालत निघालो. अर्ध्या वाटेत माझा उजवा पाय जड झाला, घासायला लागला. डावा डोळा परत धूसर. आई घाबरली. सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं, उसाचा रस दिला. पाऊण तासात मी ठणठणीत. सगळे म्हणाले, ऊन लागलं.

सोमवारी कंपनीत मेडिकल सेंटरमध्ये ओआरएसची पुडी मागायला गेले. सिस्टरने पुडी दिली आणि सहज विचारलं, “काय झालं होतं?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “ऊन लागलं तर दोन्ही डोळ्यांपुढे अंधारी येते गं. तुझा एकच डोळा आणि एकच पाय का? याआधी कधी डोळ्याला काही झालं होतं?”

दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

मी पहिला प्रसंग सांगितला, दुसरा सांगितला. त्यांनी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. तारीख, काय झालं, किती दिवस टिकलं. म्हणाल्या, “मला निदान करता येत नाही, ते माझं कामही नाही. पण हा कागद घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. चष्म्याच्या दुकानात नको आता.”

नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? त्या म्हणाल्या, पूर्वी एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी एक तास नसांच्या आजारावर घेतला होता. त्यातलं बरंच विसरले, पण ‘एकाच पेशंटला वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी’ एवढं लक्षात राहिलं.

मंडळी, त्या एका तासाने माझा पाय वाचवला असं मी म्हणणार नाही. पण पुढचा हल्ला व्हायच्या आत औषध सुरू झालं, ते त्या तासामुळे.

आणि ते वाक्य खरोखर निदानाचा गाभा आहे. एमएसच्या निदानाचे जे नियम जगभर वापरतात, मॅकडोनाल्ड निकष, ते 2001 मध्ये आले, 2017 मध्ये आणि नंतरही सुधारले. त्यांचा मूळ पाया हाच होता, की व्रण वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेले दिसावेत, आणि दुसरं कुठलं कारण नको. माझा मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला. पाठीतलं पाणी काढलं. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ असं आमच्या गल्लीत तिघांनी सांगितलं. मला दोन दिवस डोकं दुखलं, बास. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड निघाले आणि चित्र पूर्ण झालं.

आता उन्हाचं. याला उहथॉफ फिनॉमेनन म्हणतात. 1890 मध्ये एका जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलं की या पेशंटना श्रम केले, अंग तापलं की तात्पुरतं कमी दिसतं. आवरण गेलेल्या वायरीतून थोडं तापमान वाढलं तरी संदेश अडकतो. अंग थंड झालं की परत चालू. एमआरआय येण्याआधी निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचे म्हणे. शेंद्र्यात टबाची गरज नाही, पत्र्याचं शेड आणि मे महिना पुरे आहे! म्हणून तुम्हाला सांगते, लाइनवरचा एखादा ऑपरेटर दरवेळी गरमीत एकाच बाजूने ढिला पडत असेल, तर ओआरएस जरूर द्या, पण एक प्रश्न पण विचारा.

आपल्याकडे हा आजार नसतोच, असं बऱ्याच जणांना वाटतं. ‘थंड देशातल्या गोऱ्या लोकांचा आजार.’ थंड देशांत तो जास्त आहे हे खरंय. पण आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट ऐका. मुंबईत ऐंशीच्या दशकात डॉ. नादिर भरुचा, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन सर्व्हे केला. चौदा हजारांच्या आसपास माणसं. एमएसचं प्रमाण अनपेक्षितपणे जास्त निघालं. ते 1988 मध्ये छापून आलं. भारतासाठी हा आकडा कुणी कल्पनेत धरला नव्हता. पारशी समाजाची जनुकं वेगळी, मान्य, तो आकडा सगळ्यांना लावता येत नाही. पण पुढे मंगळुरात शहरातल्या लोकांमध्ये शोधलं तेव्हा लाखामागे आठच्या आसपास निघाले. एमआरआय गावोगाव पोचले तसे पेशंट ‘वाढले’. आजार आधीपासून होता, बघायला कुणी गेलं नव्हतं. जगात आज अठ्ठावीस लाखांहून जास्त लोकांना एमएस आहे. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात होतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. वीस ते चाळीस! या एमआयडीसीत सकाळी गेटवर जी रांग लागते, तिचं वय हेच आहे.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझी विनंती एवढीच, की त्यातला एक तास यासाठी ठेवा. आणि त्या तासाला फक्त डॉक्टरांना बसवू नका. माझ्या वाटेत पहिला माणूस चष्म्याच्या दुकानातला होता, शेवटची सिस्टर होती. फिजिओ, ऑप्टोमेट्रिस्ट, नर्स, आशाताई, हे सगळे आमचं पहिलं दार असतात.

त्या तासात काय सांगाल? मी माझ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून पाच गोष्टी आणल्यात.

एक. तरुण माणसाचा एकच डोळा, फिरवताना दुखतो आणि कमी दिसतं, तर नुसता नंबर बदलू नका. बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने बघायला सांगा, लाल फिकं दिसतं का? आणि टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर न्या. नस बिघडलेल्या डोळ्यावर प्रकाश आला की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होते. खर्च शून्य रुपये.

दोन. ‘हे किती वेळ टिकलं?’ विचारा. नवा हल्ला साधारण चोवीस तासांहून जास्त टिकतो. पाच मिनिटांच्या मुंग्या म्हणजे एमएस नव्हे. मांडी घालून बसलं की सगळ्यांनाच येतात.

तीन. जुना पेशंट अचानक बिघडला तर लगेच स्टेरॉइड नको. आधी ताप आहे का, लघवीत इन्फेक्शन आहे का ते बघा. त्यानेही जुनी लक्षणं वर येतात.

चार. लघवीचं विचारा, आणि एकटीला विचारा. घाईने लागते का, अडकते का? आई, नवरा, सासू शेजारी बसलेले असताना कुठलीही मुलगी खरं सांगणार नाही. मी नव्हतं सांगितलं. वर्षभर मी ऑफिसात पाणी पीत नव्हते.

पाच. एमएससारखे दिसणारे दुसरे आजार आहेत. एनएमओ नावाचा एक, त्याची अ‍ॅक्वापोरिन-4 अँटिबॉडीची रक्त तपासणी असते. दुसरा मॉग अँटिबॉडीचा. हे वेगळे काढणं फार महत्त्वाचं, कारण एमएसची काही औषधं एनएमओच्या पेशंटला उलटी बाधतात. म्हणून फोनवर रिपोर्ट बघून औषध नको, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. आपल्याकडे घाटी आहे, शहरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत. शेंद्र्यापासून तासाभराच्या आत पोचता येतं.

आणि अजून एक, जाता जाता. डोळ्याच्या नसेला सूज आली म्हणून मनानेच स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कमी डोस देऊ नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत 1992 मध्येच दिसलं, की शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसने दृष्टी लवकर परत येते, पण नुसत्या कमी डोसच्या गोळ्यांनी त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं.

औषधांचं सांगते, कारण ‘उपाय नाही मग निदान कशाला’ असं पण ऐकलंय मी. एमएस मुळापासून बरा होत नाही, खरंय. पण 1993 मध्ये अमेरिकेत पहिलं इंटरफेरॉन मंजूर झालं, तेव्हापासून हल्ले कमी करणारी डझनभराहून जास्त औषधं आलीत. स्टेरॉइड हल्ला लवकर उतरवतं, पुढचा थांबवत नाही. पुढचा थांबवायला ही दुसरी औषधं, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके व्रण कमी. महाग आहेत, फार महाग आहेत. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदा तीन औषधं घेतली, क्लॅड्रिबिन, ग्लाटिरॅमर आणि रिटुक्सिमॅब. यातलं रिटुक्सिमॅब भारतात बरेच न्यूरॉलॉजिस्ट वापरतात, कारण ते त्यातल्या त्यात परवडतं. मीही त्यावरच आहे. सहा महिन्यांतून एकदा सलाइन लावून एक दिवस पडून राहायचं, सोबत पॉडकास्ट ऐकायचे.

आता शेवटचं, आणि हे मला बोलायला सगळ्यात अवघड जातं.

निदान झालं त्या रात्री आईने पहिलं वाक्य काय म्हटलं माहितीये? “कुणाला सांगू नको. लग्न व्हायचंय तुझं.” मी तिच्यावर चिडले नाही. तिच्या जागी ती बरोबर होती. तिला वाटलं हा आजार लागतो, पोरांना होतो, मूल होत नाही. तिला ही माहिती कुणी दिलीच नव्हती. डॉक्टरांनी मला सांगितलं, आईला बाहेर बसवलं.

दोन महिन्यांनी तिला घेऊन परत गेले. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. हा संसर्गाने पसरत नाही. मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. मूल होऊ शकतं, फक्त औषधांचं आधी नियोजन करायचं. आईने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?” दोन महिने ती हे पोटात घेऊन फिरत होती.

लग्नाचं सांगायचं तर एका स्थळाला मी स्वतः सांगितलं, त्यांनी पुढे फोन केला नाही. ठीक आहे. लपवून झालेल्या लग्नात मी दर सहा महिन्यांनी कुठे जाते हे कसं लपवलं असतं?

कंपनीत सांगायला वर्ष लागलं. सांगितल्यावर मागितलं किती? टॉयलेटच्या जवळची जागा, मे महिन्यात दुपारी घरून काम, आणि शॉपफ्लोअरची व्हिजिट सकाळी. मिळालं. आणि ज्यांना जास्त त्रास आहे त्यांच्यासाठी, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 दिव्यांगत्वं आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलंय. चाळीस टक्के किंवा त्यावर प्रमाणपत्र मिळालं तर त्या सवलती लागू होतात. पेशंटला हे सांगणंसुद्धा उपचारच आहे. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, पुण्यातही त्यांची शाखा आहे. त्यांच्यामुळे मी पहिल्यांदा दुसऱ्या एमएसवाल्या मुलीशी बोलले. ती पण इंजिनिअर. तिलाही विचारलं होतं, “कुठल्या युनिव्हर्सिटीतून?”

एवढंच बोलायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी न्यूरॉलॉजी शिकावी असं नाही. फक्त पुढचा पेशंट ‘परत असंच झालं’ म्हणून आला, की पेन खाली ठेवून विचारा, याआधी काय झालं होतं?

(भाषण इथे संपलं. आता तुमच्यासाठी, म्हणजे कानात इअरफोन घालून बसमध्ये लटकलेल्यांसाठी दोन शब्द. हे ऐकून आज रात्री गुगल करून स्वतःला एमएस झाल्याचं ठरवू नका. मुंग्या येण्याची साधी कारणं शंभर आहेत. पण एक डोळा, एक पाय, एक हात असं काही दिवसभराहून जास्त टिकलं, तर फोनच्या नोट्समध्ये तीन गोष्टी लिहा. तारीख, काय झालं, किती दिवस. आपोआप बरं झालं तरी नोट डिलीट करू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना ती दाखवा. 30 मे हा जागतिक एमएस दिवस असतो, त्या दिवशी स्टेटस ठेवा न ठेवा, हा एपिसोड तुमच्या ओळखीच्या एका नर्सला किंवा फिजिओला नक्की पाठवा. आणि हो, ज्या सिस्टरबद्दल बोलले, त्या भाषणाला मागच्या रांगेत बसल्या होत्या. नाव सांगू नको म्हणाल्या, म्हणून नाही सांगत. भेटू पुढच्या एपिसोडला.)